तबल्याची आस (आघातानंतर रेंगाळणारा नाद) हात बघून लांब ऐकू येते का? प्रयोगासाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे, जाणकारांची मतं हवीत

सुरावट

नमस्कार मंडळी,

संगीत ऐकताना डोळे नेमकं काय करतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मी स्वतःच लिहिते आहे. इथे तबला वाजवणारे, मैफिली ऐकणारे आणि कोड लिहिणारे असे तिघेही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पार्श्वभूमी. 2007 साली मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकम या दोघांनी मरिंबावर एक प्रयोग केला. मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, टोकाला गोळा असलेल्या काड्यांनी वाजवायचं वाद्य. मायकेल बरिट या नामवंत वादकाला त्यांनी एकच स्वर दोन तऱ्हांनी वाजवायला सांगितला. एकदा आघातानंतर हात लांबवर, सावकाश फिरवून आणि एकदा हात झटकन आवरता घेऊन. काडी पट्टीवरून उडाली की पुढे हात कसाही फिरवा, पट्टी तिच्या गतीनेच विझत जाते. नुसता आवाज ऐकवला तेव्हा लोकांना दोन्ही तऱ्हांत लांबीचा फरक जाणवला नाही. पण चित्र दाखवलं, आणि वर स्पष्ट बजावलं की चित्राकडे दुर्लक्ष करा, फक्त आवाजाची लांबी सांगा, तरीही लांब हालचालीबरोबरचा स्वर लोकांना लांब ऐकू आला. लांब हालचालीच्या चित्राला आखूड हालचालीचा आवाज जोडला तरी तेच.

हे अनपेक्षित होतं. डोळा कानावर मात करतो हे 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलंच होतं. ओठ 'गा' म्हणताना दिसतात, आवाज 'बा' असतो, आणि ऐकणाऱ्याला 'दा' ऐकू येतं. पण काळ मोजायचा झाला की वरचष्मा कानाचा, अशीच समजूत होती. 2000 साली लदन शम्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रकाशाची एकच चमक दोन 'बीप'बरोबर आली तर बघणाऱ्याला चमका दोन दिसतात. म्हणजे वेळेच्या बाबतीत कान डोळ्याला शिकवतो. मग मरिंबाच्या बाबतीत उलट का व्हावं?

त्याचं उत्तर शुट्झ आणि मायकेल कुबोव्ही यांनी 2009 मध्ये दिलं. तेच आघाताचं चित्र ठेवून खाली क्लॅरिनेटचा किंवा माणसाचा गळ्यातून लावलेला स्वर जोडला, तर परिणाम उरत नाही. आवाज आघाताच्या आधी आला तरी परिणाम ओसरतो. तोच आवाज किंचित उशिरा आला तर टिकतो. म्हणजे मेंदू जणू विचारतो, 'हा आवाज या हालचालीतून निघू शकतो का?' उत्तर हो असेल तरच डोळ्याची साक्ष धरली जाते. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

आता माझा प्रश्न. आपल्याकडे आघातानंतर विझत जाणारा, आस असलेला, सुरात लावलेला आवाज म्हणजे तबला. तिथे हे घडतं का? आणि ज्यांचा कान तबल्यावर तयार झाला आहे, त्यांच्या बाबतीत कमी घडतं की जास्त?

सॉफ्टवेअरने करायचं ते असं: चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींत ठेवायचे, कुठलंही चित्र कुठल्याही आवाजाला जोडायचं, दोघांतलं अंतर मिलिसेकंदांत मागेपुढे करायचं, क्रम प्रत्येकासाठी नव्याने पिसायचा, आणि 'आखूड' ते 'लांब' अशा आकडे नसलेल्या पट्टीवर उत्तर घ्यायचं. पायथॉन या संगणकभाषेत, प्रयोग घेण्यासाठीचं सायकोपाय हे साधन वापरून लिहिते आहे. पाया तयार मिळतो, पण जोडणी आणि मोजणी यांचा सगळा भाग स्वतःचा लागतो.

दोन बाबतींत मदत हवी आहे. तबल्याचा कुठला बोल घ्यावा? आणि चित्र व आवाज खरोखर एकाच क्षणी बाहेर पडतात हे तपासायचं कसं?

---

बिट_आणि_बाइट

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक मूलभूत शंका. व्हिडिओच्या संपादनात चित्राखाली हवा तो आवाज लावून अशा पंचवीस-तीस फिती बनवल्या आणि साध्या प्लेअरवर लावल्या, तर काय बिघडेल? कोड लिहायची गरजच काय?

---

सुरावट

@बिट_आणि_बाइट, इथेच सगळं अडतं, म्हणून सविस्तर सांगते.

साधा प्लेअर आवाज आणि चित्र 'साधारण' जुळवतो. घरी बातम्या बघायला तेवढं पुरतं. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आकडे दिलेले आहेत: आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला ते कळायला लागतं. म्हणजे त्या मर्यादेतली चूक प्लेअरने केली तरी कोणी तक्रार करणार नाही. पण मी मोजते आहे तीच गोष्ट मुळात या अंतरावर अवलंबून आहे. आघाताआधी आवाज आला की परिणाम ओसरतो, हे वर लिहिलंच आहे. माझ्या यंत्राने नकळत आवाज 40 मिलिसेकंद आधी सोडला आणि मी निष्कर्ष काढला की तबल्यावर हा परिणाम दिसत नाही, तर तो निष्कर्ष तबल्याबद्दलचा नसून माझ्या लॅपटॉपबद्दलचा असेल.

शिवाय फिती बनवताना आवाज एएसी या फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात जातो. त्या स्वरूपाच्या सुरुवातीला भरणीचे नमुने (नमुना म्हणजे आवाजाची एका क्षणाची नोंद) असतात, बहुधा 2112. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर हे झाले जवळजवळ 48 मिलिसेकंद. काही प्लेअर ते वगळतात, काही वगळत नाहीत. म्हणून मी आवाज वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपातच ठेवते आणि चित्राची फाइल मुकी ठेवते.

---

कायदा_रेला

सुरावट ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. तबला शिकवण्यात आयुष्य गेलं आहे, त्यामुळे अधिकाराने सांगतो.

मरिंबाचं जे गृहीतक आहे, की आघातानंतर हात काहीही करो, आवाज बदलत नाही, ते तबल्याला सरसकट लागू नाही. आमच्या वाद्यात बोट आघातानंतर कुठे राहतं यावरच निम्मे बोल ठरतात. 'ते', 'टे', 'क' हे बंद बोल. बोट पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) राहिलं म्हणूनच ते बंद. 'ना' वाजवताना अनामिका पुडीवर टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, पडून उठते. अनामिकेचा दाब थोडा बदलला की आस बदलते. डग्ग्यावरचा (डाव्या हाताच्या वाद्यावरचा) 'घे' तर घेऊच नका. मनगट सरकलं की स्वर चढतो-उतरतो, म्हणजे हालचाल दिसते तीच खरोखर आवाज घडवत असते.

तुम्हाला हवा आहे असा बोल, ज्यात आघातानंतर हाताचा पुडीशी संबंधच उरत नाही. तो म्हणजे 'तूं'. तर्जनीचा आघात, अनामिका टेकलेली नाही, संपूर्ण हात मोकळा. आघातानंतर हात उंच न्या किंवा जागच्या जागी थांबवा, तबला घुमायचा तेवढाच घुमतो. एकच काळजी. हात उंच न्यायचा आहे हे वादकाच्या मनात असलं की आघातही नकळत जोरात पडतो. तेव्हा चित्रातला आणि ऐकवायचा आवाज वेगळा ठेवा.

आणि तबला चांगला मिळवलेला घ्या. घरांमध्ये (पुडीच्या कडेभोवतीच्या भागांत) स्वर सारखा नसला की आसेत लाट येते, आणि मग लांबी कशी मोजणार?

---

सुरावट

@कायदा_रेला सर, मनापासून आभार. 'तूं' पक्का.

आघाताच्या जोराबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि म्हणूनच चित्र-आवाज अलग ठेवायचे आहेत. 'तूं'चे काही आवाज नुसत्या मायक्रोफोनवर वेगळे घेणार, त्यातून सारख्या जोराचे निवडणार आणि दोन्ही चित्रांना तेच आवाज लावणार. म्हणजे लांब आणि आखूड हालचालीखालचा आवाज नमुन्यागणिक एकच असेल. तरीही ऐकणाऱ्याने वेगळी उत्तरं दिली, तर फरक डोळ्यातून आलाय याबद्दल वाद राहणार नाही.

काही फेऱ्यांत मुद्दाम 'तूं'च्या चित्राखाली सारंगीचा लांबवलेला स्वर लावणार आहे. क्लॅरिनेटची जागा तिथे सारंगीने घ्यायची. तिथे परिणाम नाहीसा झाला पाहिजे. झाला नाही, तर माणसं पट्टीवर हाताच्या हालचालीची लांबी नोंदवताहेत, आवाजाची नव्हे, असा संशय घ्यावा लागेल.

---

मैफिलीतला_मागचा

मी तांत्रिक माणूस नाही. पण लहानपणापासून ऐकलंय की गाणं डोळे मिटून ऐकावं. डोळ्यांनी फसायला होतं हे आमच्या वडीलधाऱ्यांना माहीत होतं. मग प्रयोग कशाला? आणि परवा कुठे तरी वाचलं की स्पर्धेत कोण जिंकलं हे मुक्या चित्रफितीवरून जास्त नीट ओळखता येतं. हे खरं असेल तर संगीताची किंमत काय राहिली?

---

तारसप्तक

@मैफिलीतला_मागचा काका, ते संशोधन चिया-जुंग त्साय यांचं, 2013 सालचं. शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांतल्या अंतिम फेरीच्या काही सेकंदांच्या फिती लोकांना दिल्या. कोणाला फक्त आवाज, कोणाला फक्त चित्र, कोणाला दोन्ही. विजेता कोण हे मुकं चित्र बघणाऱ्यांनी जास्त अचूक सांगितलं. गंमत अशी, की स्वतः संगीतकार असलेल्यांच्या बाबतीतही तेच झालं, आणि आपण आवाजावरूनच ठरवतो अशी त्यांची खात्री होती.

पण त्यावर 2018 मध्ये सॅम्युएल मेहर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला. मूळच्या फिती घेतल्या की निकाल तसाच येतो. दुसऱ्या जोड्या घेतल्या की निकाल हलतो, कुठे उलटाही होतो. म्हणजे कुठल्या फिती निवडल्या यावर बरंच ठरतं. अंतिम फेरीतले तिघे मुळात तोलामोलाचे असतात, सहा सेकंदांत कानाला फरक सापडणं अवघडच. त्यावरून संगीताची किंमत ठरवायला नको.

---

सुरावट

काका, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. 'फसणं' या शब्दाशी मात्र मी सहमत नाही.

मरिंबावादकांना त्या लांब हालचालीने पट्टी जास्त वेळ वाजवता येत नाही. पण श्रोत्याला ती जास्त वेळ *ऐकवता* येते. मैफिलीत समोर बसलेल्या माणसाला जे ऐकू येतं, ते त्याच्यापुरतं खरंच ऐकू आलेलं असतं. वादकाने हाताने स्वर लांबवला, तर ती त्याची कलाच आहे. जेन डेव्हिडसन यांनी 1993 मध्ये वादकांना एकच रचना तीन तऱ्हांनी वाजवायला लावली: भाव आवरून, नेहमीसारखी आणि भाव वाढवून. बघणाऱ्यांना तो फरक चित्रावरून चांगला ओळखता आला. आणि चित्र तरी काय? अंधारात फक्त सांध्यांवर लावलेले चमकते ठिपके हलताना दिसत होते. चेहरा नाही, कपडे नाहीत.

आपल्या खयाल गायकांचे हात बघा. विलंबितात आलाप घेताना स्वर हातात धरल्यासारखा ओढला जातो, तान आली की बोटं भिरभिरतात. त्या हातांना गाण्याबाहेरचं म्हणून बाजूला काढणं मला जमत नाही.

---

हॅमिल्टनकर

अरे वा, आमच्या गावचा विषय! मी कॅनडात हॅमिल्टनला राहतो. शुट्झ इथल्याच मॅकमास्टर विद्यापीठात आहेत. त्याच विद्यापीठात लाइव्हलॅब नावाचं 106 आसनांचं एक सभागृह आहे. बाहेरून छोटं नाट्यगृह वाटतं, पण वादक आणि श्रोते दोघांच्याही हालचाली टिपायची सोय त्यात आहे आणि सभागृहाची घुमणूक विजेवर बदलता येते. एका कार्यक्रमाला गेलो होतो. एरवी इतकं मोकळं, घुमणूक नसलेलं वाटणारं दालन एका कळीवर मोठ्या चर्चसारखं घुमायला लागलं, तेव्हा सगळे गप्पच झाले.

सुरावट, खयाल गायकांच्या हातांवर बरंच काम झालंय. मॅथ्यू रहाईम या अमेरिकन अभ्यासकाचं 2012 मध्ये पुस्तकच आलं. इंग्लंडमध्ये डरहॅमला मार्टिन क्लेटन आहेत. आपल्या गायकांच्या चित्रीकरणावर ते कित्येक वर्षं काम करताहेत.

---

तारसप्तक

त्यात भर. डरहॅम आणि आयआयटी मुंबईच्या प्रीती राव यांच्या गटाने मिळून 2022 मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. गायकाच्या साध्या व्हिडिओतून संगणकाने मनगट-कोपरांच्या जागा काढायच्या, त्याला आवाजातल्या स्वररेषेची जोड द्यायची आणि राग कुठला हे ओळखायचं. हातात रागाबद्दलची माहिती किती आहे, हे तपासण्याचा तो एक मार्ग.

आणि आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला डागर घराण्याचं धृपद गुरुकुल आहे ना, तिथल्या गायकांवर स्टेला पास्खालिदू या ग्रीक संशोधिकेने काम केलंय. धृपद गाताना हात एखादी न दिसणारी वस्तू ताणतात, ढकलतात, दाबतात, त्या हालचालीत जोर किती दिसतो आणि आवाजाशी त्याचं नातं काय, असा विषय. सुरावटच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू म्हणता येईल. तिथे हालचालीतून आवाज निघत नाही, आणि तरीही दोघं एकत्र चालतात.

---

बिट_आणि_बाइट

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, धन्यवाद. आता दुसऱ्या प्रश्नावर येतो, मोजायचं कसं. मी एम्बेडेड (यंत्रांत बसवलेल्या संगणकांच्या) क्षेत्रात काम करतो, हे रोजचं आहे.

सॉफ्टवेअर 'आत्ता दाखवलं' असं स्वतःच्या नोंदीत लिहितं, त्यावर विश्वास ठेवू नका. ते फक्त हुकूम दिल्याची वेळ सांगतं. खरी वेळ पडद्याबाहेर आणि हेडफोनच्या टोकाला मोजा. स्वस्तात असं करा:

आघाताच्या फ्रेमवर पडद्याच्या एका कोपऱ्यात पांढरा चौकोन उमटवा. त्यावर एक फोटोडायोड (प्रकाश पडला की विजेचा संकेत देणारा छोटा भाग) चिकटवा. एलडीआर हा दुसरा प्रकाशसंवेदक घेऊ नका, तो प्रकाशाला फारच आळशीपणे उत्तर देतो आणि सगळं मोजमाप वाया जातं. फोटोडायोडची तार बाहेरच्या ऑडिओ इंटरफेसच्या डाव्या इनपुटला, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेला आवाज उजव्या इनपुटला. दुसऱ्या संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. वरच्या पट्टीत प्रकाशाची टोकं दिसतील, खालच्या पट्टीत 'तूं'ची. दोन टोकांमधलं अंतर थेट नमुन्यांत मोजता येतं. शेकडो फेऱ्या आपोआप चालवून सरासरी आणि पसारा (फेरीगणिक होणारा कमीजास्तपणा) दोन्ही काढा. सरासरी चूक असली तर वजा करता येते. पसारा मोठा असेल तर काही करता येत नाही.

चौकोन कुठे ठेवता तेही बघा. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, आणि पडदा वरून खाली रंगत येतो. खालचा कोपरा वरच्यापेक्षा जवळजवळ एक फ्रेम मागे असतो. हात पडद्याच्या मध्यावर दिसणार असेल तर चौकोनही त्याच उंचीवर, कडेला ठेवा.

---

सुरावट

@बिट_आणि_बाइट, हे अगदी हवं होतं तसं मिळालं! उंचीचा मुद्दा तर फारच मोलाचा.

आवाज सोडण्यासाठी मी सायकोपायमधला, सायकटूलबॉक्स या दुसऱ्या साधनातून आलेला ध्वनिमार्ग वापरते. त्यात 'आत्ता वाजव' असं न म्हणता 'पडदा पुढच्या वेळी बदलेल त्या क्षणी वाजव' असं आगाऊ सांगता येतं. त्यामुळे आवाज वाट बघत तयार असतो. 2020 मध्ये सायकोपायचे कर्ते जोनाथन पियर्स आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच प्रणालींची वेळ अशीच बाहेरून मोजली होती. प्रयोगशाळेत चालणाऱ्या चांगल्या प्रणालींमध्ये पसारा मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. ब्राउझरमधून चालवलं की तो वाढतो, आणि आवाजाच्या बाबतीत जास्त.

म्हणूनच 'दुव्यावर टिचकी मारा आणि घरबसल्या भाग घ्या' असं मी करणार नाही. लोक जास्त मिळतील हे खरं, पण कोणी ब्लूटूथ हेडफोन लावला की शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि ते मला कळणारही नाही. तारेचा हेडफोन, एकच यंत्र, एकच खोली.

---

शरीरशास्त्री

एक व्यावहारिक सूचना. भाग घेणाऱ्यांची श्रवणचाचणी आधी करा, निदान साधी तरी. आस संपण्याच्या टोकाला आवाज फार मंद असतो. पन्नाशीनंतर वरचे ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात, आणि 'जाणकार श्रोते' गटात नेमके वयस्क लोक जास्त येतील. मग जाणकारीचा परिणाम की वयाचा, हे वेगळं करता येणार नाही. दोन्ही गट वयाने जुळवून घ्या.

संमतीपत्र मराठीत असू द्या. आणि नोंदीत नाव न ठेवता नुसता क्रमांक.

---

सुरावट

@शरीरशास्त्री, नावाऐवजी क्रमांक हे कोडमध्येच आहे, नाव विचारणारी चौकटच नाही. वयाची जुळणी आराखड्यात घालते. आभारी आहे.

जाणकारांबद्दल एक आधार आहे. 2009 मध्ये ग्लासगोला कारिन पेत्रिनी आणि सहकाऱ्यांनी ड्रमवादक आणि न वाजवणारे यांना ठिपक्यांच्या रूपातला ड्रमवादक दाखवून, आवाज मागेपुढे करून विचारलं, की हे जुळतंय का? वादकांना छोटं अंतरही कळत होतं, त्यांची 'जुळतंय' म्हणण्याची खिडकी अरुंद होती. त्यावरून माझा अंदाज असा की तबलावादक आवाजाची वेळ जास्त काटेकोर पकडतील. पण आसेच्या लांबीवर डोळ्याचा पगडा त्यांच्यावर कमी असेलच असं मला वाटत नाही. उलट 'तूं' वाजवल्यावर हात कसा उठतो हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे, म्हणून जास्तही असू शकेल.

---

कायदा_रेला

जास्तच असेल. माझे विद्यार्थी दुसऱ्याचा हात बघूनच सांगतात की बोल स्वच्छ पडला की नाही. आवाज नंतर ऐकतात.

मला एक प्रयोग सुचतो. खालीचा, म्हणजे तालात टाळी नसलेल्या जागेचा. ताल हातावर धरताना खालीला हात उलटा करून बाजूला नेतो. त्या क्षणी मात्रा हलकी ऐकू येते. ती ठेक्यामुळे की हातामुळे? तुमच्या सॉफ्टवेअरवर हे बघता येईल का?

---

सुरावट

सर, येईल. कोड तसाच ठेवलाय. कुठली फेरी कुठल्या चित्राची, कुठल्या आवाजाची, किती अंतराची आणि प्रश्न कुठला, हे सगळं एका साध्या तक्त्यात आहे. नवा प्रयोग म्हणजे तक्त्यात नव्या ओळी. कोडला हात लावावा लागत नाही.

फक्त खालीत एक अडचण आहे. ठेक्यातच खालीच्या भागात डग्गा गप्प होतो, 'धा'चा 'ता' होतो. तिथल्या मात्रा खरोखरच हलक्या असतात. तेव्हा ठेका न वापरता तीनतालाच्या सोळाही मात्रांना तोच एक आघात, त्याच जोराचा, संगणकाने समान अंतरावर ठेवलेला, आणि वर हाताने तो ताल धरणाऱ्या माणसाचं चित्र. नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीच्या जागी, कधी खाली दाखवायची, कधी टाळी. मग विचारायचं, कुठला आघात हलका होता? नववा हलका ऐकू आला तर तो फक्त हाताने हलका केला. हे मला फार आवडलं. मुख्य प्रयोगानंतर करू या का? चित्रीकरणाला तुम्हीच हवेत.

---

बिट_आणि_बाइट

चित्रीकरणाचा विषय निघालाच आहे तर. मोबाइलने घेणार असाल तर सांभाळा. बहुतेक मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की गुपचूप कमी करतात. आधी एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने वेग स्थिर करून घ्या, मगच आघाताची फ्रेम शोधा. सेकंदाला 120 फ्रेम मिळाल्या तर उत्तम, 8.3 मिलिसेकंदांपर्यंत आघात पकडता येईल.

हात वेगाने हलतो, त्यामुळे शटर निदान 1/500 ठेवा, नाही तर हाताच्या जागी नुसता धूसर पट्टा दिसेल. आणि तेवढं शटर ठेवलं की स्वस्त एलईडी दिवे पट्टे पाडतात, कारण आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. दिवसाउजेडी खिडकीजवळ घ्या.

---

हॅमिल्टनकर

पूर्ण व्हिडिओऐवजी ठिपके दाखवायचा विचार आहे का? शुट्झ यांच्या गटाने तेही केलं होतं. खांदा, कोपर, हात आणि काडीचं टोक असे मोजके ठिपके ठेवले तरी परिणाम टिकला. पुढे एका ठिपक्यावर आले, आणि कळलं की आघातानंतरची हालचाल महत्त्वाची.

---

सुरावट

हो, ठिपके करायचेच आहेत, कारण व्हिडिओत वादकाचा चेहराही बोलत असतो. 'तूं' लांबवताना भुवया उंचावल्या तर श्रेय कोणाला द्यायचं? मीडियापाइप हे सॉफ्टवेअर चित्रातून एका हाताचे 21 बिंदू काढून देतं. त्यातले मनगट आणि तर्जनीचं टोक एवढेच घेणार. आघाताच्या ऐन फ्रेमवर, हात सर्वांत वेगात असताना, ते बिंदू चुकतात असं दिसतंय, तिथे हाताने दुरुस्त करण्यासाठी एक छोटी खिडकी लिहिली आहे. फ्रेम पुढे-मागे करायची, बिंदू ओढून जागेवर ठेवायचा. एकदा बिंदू आले की हालचाल हवी तशी बदलता येते. आघातापर्यंतची हालचाल आखूडची आणि नंतरची लांबची, असा खऱ्या वादकाकडून कधीच न मिळणारा हात तयार करता येतो. स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं सार्थक मला इथे वाटतं.

कोड, तक्ता आणि मोजणीच्या फाइली प्रबंध झाल्यावर सगळ्यांसाठी खुल्या ठेवणार आहे. पखवाज, मृदंग, अगदी ढोलकीवरही कोणाला करून बघता येईल.

@कायदा_रेला सर, चित्रीकरणासाठी दोन तबले आणाल का? आणि खोलीत पंखा बंद ठेवावा लागेल, मायक्रोफोनमध्ये येतो.

---

कायदा_रेला

आणतो. एक काळी एकचा, एक काळी पाचचा (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरचे स्वर). खालच्या स्वराच्या तबल्याला आस जास्त मिळते, त्यावर 'तूं' जास्त खुलेल. हातोडीही आणतो. पंखा बंद, खिडकीतून ऊन, म्हणजे पुडी तापून स्वर चढणार. दर अर्ध्या तासाने मिळवून घ्यावे लागतील, तेवढा वेळ धरून ठेवा.